दोन्ही कायद्यांत नसलेली सून

लातूर जिल्हा परिषदेच्या निर्णयाची बातमी २०२१ च्या सुरुवातीला आली. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापायची आणि ती थेट आई-वडिलांच्या खात्यात जमा करायची, असा तो निर्णय होता. त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. तिच्याकडे सकाळ होती, माझ्याकडे रात्र. "बरं झालं," ती म्हणाली, "अशांना असंच पाहिजे." आणि मग नेहमीच्या सरळ सुरात, "तुमच्या तिकडे तर आई-बापांना होममध्येच ठेवतात. तिथे राहून तू कुटुंबाचा अभ्यास करतेस म्हणजे नेमकं काय करतेस गं?"

तिने हे टोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मावशीने आपल्या सासूबाईंचं अंथरुणातलं आजारपण सात वर्षं काढलं आहे. कुटुंब म्हणजे काय हे तिला पुस्तकातून कुणी सांगायची गरज नाही. मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. नीट उत्तर सापडायला पुढची काही वर्षं गेली.

मी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका राज्य विद्यापीठात 'मानव विकास आणि कौटुंबिक अभ्यास' या विषयात आधी एमएस आणि मग पीएचडी केली. माणूस जन्मापासून म्हातारपणापर्यंत कसा घडतो आणि त्यात त्याच्या घराचा वाटा कोणता, असा हा विषय आहे. घरी वृद्धाश्रम, घटस्फोट, पाळणाघर, एकुलती एक मुलं, यांपैकी कशावरही वाद सुरू झाला की तो फिरून एका वाक्यावर येतो. तिकडच्या लोकांची कुटुंबं मोडली म्हणून त्यांना विद्यापीठात विभाग काढावे लागले, आपल्याकडे घर अजून शाबूत आहे, आपल्याला हे शिकायची गरज नाही. हे वाक्य मी लग्नघरात ऐकलं आहे, चर्चासत्रात ऐकलं आहे, आणि एकदा मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापकांच्या तोंडूनही ऐकलं आहे. मला ते चुकीचं वाटतं. त्याहून जास्त म्हणजे, त्या वाक्यामुळे आपल्याच घरातल्या काही माणसांचं नुकसान होतं असं वाटतं.

आधी इतिहास. हा विषय मोडक्या संसारांतून निघालेला नाही, तो शेतीच्या बांधावरून आला. १८६२ च्या कायद्याने अमेरिकेत राज्याराज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यातून शेती व तंत्रशिक्षणाची विद्यापीठं उभी राहिली. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने या विद्यापीठांतलं ज्ञान गावोगाव नेणारी विस्तार सेवा सुरू झाली. शेतकऱ्याला बियाणं, खत आणि जनावरांची माहिती, त्याच्या घरातल्या बाईला आहार, स्वच्छता आणि बालसंगोपनाची. त्याच सुमाराला आयोवा राज्यात कोरा बसी हिलिस नावाच्या बाई एक मुद्दा घेऊन वर्षानुवर्षं लढत होत्या. संशोधनाने डुकरं आणि मका सुधारतो, मग मुलांच्या वाढीवर संशोधन का होऊ नये? १९१७ साली आयोवा विद्यापीठात बालकल्याण संशोधन केंद्र सुरू झालं. पहिल्या वर्षी हे वाचताना मला ओळखीचं काहीतरी सापडल्यासारखं झालं होतं, कारण आपल्याकडेही रस्ता तोच आहे. पंतनगरचं कृषी विद्यापीठ १९६० साली याच नमुन्यावर निघालं, आणि पुढे अनेक कृषी विद्यापीठांत शेतीच्या शेजारी गृहविज्ञान आलं. परभणीला ते आहे. तिथल्या गृहविज्ञान महाविद्यालयाचं नाव आता सामुदायिक विज्ञान महाविद्यालय झालं आहे.

आणि आपण हे सगळं उसनं आणलं असंही नाही. धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं ते १९१६ साली, म्हणजे आयोवाच्या केंद्राच्या एक वर्ष आधी. त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांची मांडणी केली. नात्यांसाठी कोणते शब्द आहेत, मुलगी कुठे दिली जाते, यावरून प्रदेशाप्रदेशातलं कुटुंब किती वेगळं आहे हे त्यांनी दाखवलं. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात हंसा मेहता कुलगुरू असताना १९५० साली गृहविज्ञान शाखा सुरू झाली. मी जो विषय शिकायला समुद्र ओलांडून आले, त्याच नावाचा विभाग तिथे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेली, ती केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे आपली अंगणवाडी, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू होण्याच्या कितीतरी आधी. बालशिक्षणाच्या इतिहासाच्या तासाला आमच्याकडे फ्रोबेल झाला, मॉन्टेसरी झाली, कोसबाडचं नाव आलं नाही. मी हात वर करून सांगितलं. प्राध्यापिकेने पुढच्या वर्षीच्या वाचनयादीसाठी इंग्रजीतला एखादा लेख मागितला, आणि द्यावा असा लेख शोधताना माझे दोन आठवडे गेले.

मग "शाबूत घर" या कल्पनेकडे येते. समाजशास्त्रज्ञ अ. म. शहा यांनी गुजरातेतल्या एका खेड्याच्या १८२५ च्या नोंदी तपासल्या आणि १९७३ साली लिहिलं की पूर्वी सगळे मोठ्या एकत्र कुटुंबात राहायचे हा समज नोंदींना धरून नाही, लहान घरंही भरपूर होती. गंमत अशी की इंग्लंड-अमेरिकेतही हुबेहूब हाच वाद झाला आहे. तिथल्या लोकांनाही वाटायचं की आजोबांच्या काळी सगळे एका मोठ्या छपराखाली होते आणि कारखान्यांनी ते मोडलं. विल्यम गुड यांनी १९६३ साली ते आठवणींतलं कुटुंब आहे, नोंदींतलं नव्हे, असं म्हटलं. पीटर लॅस्लेट यांनी इंग्लंडमधल्या जुन्या गावनोंदी मोजल्या तेव्हा सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची कैक शतकं घरात सरासरी पावणेपाच माणसं निघाली. दोन देश, दोन भाषा, आणि दोन्हीकडे आजोबांच्या घराची तीच आठवण. ती आठवण खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मोठी घरं होतीच, आणि ती ज्यांना आठवतात त्यांच्या मनात ती खरी आहेत. पण धोरण ठरवताना किती घरं तशी होती आणि त्यात कोण राबत होतं हे मोजावंच लागतं.

पाळणाघराच्या वादाचंही तेच. १९७१ साली अमेरिकन काँग्रेसने देशभर बालसंगोपन केंद्रं उभारण्याचा कायदा मंजूर केला होता. ९ डिसेंबरला अध्यक्ष निक्सन यांनी तो नाकारला. मुलं सामूहिक पद्धतीने वाढवली तर कुटुंब दुबळं होईल, असा त्यांचा एक आक्षेप होता. मुलगा पाळणाघरात ठेवला म्हणून माझ्या मैत्रिणीला तिच्या घरच्यांनी जे ऐकवलं त्यात आणि त्या नकारपत्रात मला फार फरक दिसला नाही. त्या नकाराचे परिणाम अमेरिकेतले आई-बाप अजून भोगत आहेत. माझ्यासोबत शिकणाऱ्या, मुलं असलेल्या दोघीजणींच्या विद्यावेतनाचा मोठा भाग पाळणाघराला जायचा.

आता मावशीच्या प्रश्नाचं खरं उत्तर. काय करतो आम्ही? पहिली दोन वर्षं जवळजवळ निम्मा वेळ संख्याशास्त्र. गृहविज्ञानातून आलेल्या मुलीला हे जड जाईल असं मलाच वाटलं होतं, पण त्यातच मला या विषयाचं मर्म सापडलं. साधं सर्वेक्षण घराला एक उत्तर देणारी वस्तू समजतं. कुटुंबप्रमुखाला विचारलं, फॉर्म भरला, झालं. आम्हाला शिकवतात ते उलट. एकाच घरातल्या दोघांना तोच प्रश्न वेगवेगळा विचारा. नवरा म्हणतो आमच्यात भांडण होत नाही, बायको म्हणते आठवड्यातून तीनदा होतं. यात खरं कोण, हा प्रश्नच नसतो. त्या दोन उत्तरांतलं अंतर हीच माहिती असते, आणि ते अंतर मोजायची स्वतंत्र गणितं आहेत. घराला एक मत नसतं, हे कळायला मला दोन सत्रं लागली. आमच्या वाड्यात ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, फक्त कुणी बोलून दाखवत नव्हतं.

उरलेला वेळ निरीक्षण आणि वाचनात जातो. विद्यापीठाची स्वतःची बालशाळा असते, तिथे एकतर्फी काचेमागे बसून मूल काय करतं ते मिनिटामिनिटाला लिहून काढायचं. आपलं मत लिहायचं नाही, फक्त दिसलं ते. उरी ब्रॉन्फेनब्रेनर यांचा सिद्धांत सगळ्यांना वाचावा लागतो. मुलाभोवती आधी घर, मग शाळा आणि शेजार, मग आई-बापांच्या नोकऱ्या, मग कायदे आणि चालीरीती, अशी वर्तुळं असतात आणि ती एकमेकांना ढकलत असतात, अशी त्यांची मांडणी. मॉस्कोत जन्मलेला हा माणूस लहानपणी अमेरिकेत आला, कॉर्नेल विद्यापीठात शिकवू लागला, आणि १९६५ साली गरीब मुलांसाठी सुरू झालेल्या हेड स्टार्ट योजनेच्या आखणीत त्यांचा हात होता. आपली अंगणवाडी आणि त्यांचं हेड स्टार्ट, दहा वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या या दोन योजना शेजारी ठेवून कुणी मराठीत नीट लिहावं अशी माझी जुनी इच्छा आहे.

आणि मग प्रबंध. माझा विषय होता महाराष्ट्रात घरी आजारी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बायका. मुलाखती इथून व्हिडिओवर घ्यायच्या. विद्यापीठाच्या नीतिसमितीने संमतीपत्र तपासलं, त्यात एक अट होती की मुलाखत देणारी व्यक्ती एकांतात असावी. मी ती अट मराठीत लिहिली आणि पाठवली. पहिल्या बाई फोनवर आल्या तेव्हा त्यांच्यामागे सासऱ्यांचा पलंग दिसत होता आणि मुलगा शेजारी अभ्यास करत होता. मी एकांताबद्दल विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "ताई, मग गच्चीच्या जिन्यात बसते, पण तिथून हाक आली तर जावं लागेल." तीन हाका आल्या. दोन तासांची मुलाखत मी चार दिवसांत पुरी केली. पुढच्या बहुतेक मुलाखती जिन्यात, बसथांब्यावर, एक तर देवळाच्या ओट्यावरून झाली. एकांत ही त्या बायकांच्या दिवसातली दुर्मीळ गोष्ट आहे, हे माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण झालं. संमतीपत्रातल्या एका ओळीने ते दाखवलं.

शुश्रूषेचा ताण मोजायला जगभर एक प्रश्नावली वापरतात. स्टीव्हन झॅरिट आणि सहकाऱ्यांनी ती १९८० साली मांडली, आता बावीस प्रश्नांची आवृत्ती जास्त चालते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण. शेवटचा प्रश्न साधारण असा, की एकंदरीत तुम्हाला किती ओझं वाटतं? प्रश्नावली आधी मराठीत आणली, मग दुसऱ्या कुणाकडून मराठीतून पुन्हा इंग्रजीत करून घेतली, दोन्ही ताडून पाहिल्या. पद्धतीप्रमाणे सगळं बरोबर होतं. आणि उत्तरं येऊ लागली. "ओझं?" एक बाई म्हणाल्या, "अहो, ओझं कसं म्हणू, आपलंच माणूस आहे." शून्य. दुसऱ्या म्हणाल्या, "असं म्हणू नये." शून्य. त्याच बाईंनी वीस मिनिटांपूर्वी सांगितलं होतं की सख्ख्या भावाच्या मुलीच्या लग्नाला त्या जाऊ शकल्या नाहीत, आणि सांगताना त्या बराच वेळ बोलायच्या थांबल्या होत्या.

मी हे आकडे घेऊन मार्गदर्शकांकडे गेले. मला वाटलं, त्या म्हणतील की भारतीय बायकांना ताण कमी जाणवतो, संस्कृती त्यांना आधार देते. असे निष्कर्ष काढणारे लेख आहेत, आणि घरी ते अभिमानाने पुढेही पाठवले जातील. त्यांनी असं काही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, तुमचा शब्द चुकला आहे, बाई चुकलेल्या नाहीत. मग सहा महिने मी शब्द शोधत होते. हा काळ मला पदवीपेक्षा मोठा वाटतो. आपल्याकडे बाई ओझं म्हणत नाही, ती म्हणते "जीव अडकलेला असतो." ती कंटाळा आला म्हणत नाही, "हलता येत नाही" म्हणते. राग आला म्हणणं तिला पाप वाटतं, पण "तोंडातून वाकडं जातं कधीकधी, मग रात्री झोप लागत नाही" हे ती सहज सांगते. शेवटच्या वाक्यात तर एका पूर्ण सिद्धांताचं सार आहे. कर्ट ल्यूशर आणि कार्ल पिलेमर यांनी १९९८ साली मांडलं की दोन पिढ्यांमधल्या नात्यात माया आणि चीड एकाच वेळी, एकाच माणसाबद्दल नांदतात, आणि हे नात्यातलं न्यून नव्हे, नात्याची ती रीतच आहे. आमच्या वादात मात्र दोनच खुर्च्या मांडलेल्या असतात, श्रावणबाळाची आणि कृतघ्न पोराची. जिन्यात बसलेल्या बाईला त्यात जागा नसते.

आता कायदे पाहा. आपला २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर जबाबदारी टाकतो. निर्वाहाची रक्कम महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. या व्याख्येत सून नाही. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात सून आणि जावई घालण्याचा प्रस्ताव आला, तोही जबाबदारी टाकण्यासाठी. अमेरिकेतला १९९३ चा कौटुंबिक रजेचा कायदा पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेतल्या पात्र कर्मचाऱ्याला आजारी आई-वडिलांसाठी वर्षाला बारा आठवड्यांची रजा देतो, बिनपगारी. सासू-सासऱ्यांसाठी ती मिळत नाही. म्हणजे भारतातला कायदा पैसे कुणी द्यायचे ते सांगतो, अमेरिकेतला रजा कुणाला ते सांगतो, आणि जी प्रत्यक्ष उशी बदलते, औषधाच्या वेळा पाळते, रात्री उठते, ती सून दोन्हीकडे मोजली जात नाही. पगारातले ३० टक्के मुलाच्या खात्यातून गेले, आणि उद्या त्याने आई-वडिलांना घरी आणलं, तर पुढचं काम कोण करणार? लातूरच्या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात मी बरंच वाचलं. हा प्रश्न मला कुठे दिसला नाही.

अमेरिकेत राहते म्हणून मला अमेरिकाच बरी वाटते असं कुणी समजू नये. तिथे वृद्धांना मुलं विचारत नाहीत हा मावशीचा समज चुकीचा आहे. घरातल्या वृद्धांची बहुतेक शुश्रूषा तिथेही घरचीच माणसं करतात, आणि त्यातही बायका जास्त. पण त्यांना आधार देणारी व्यवस्था तुटपुंजी आहे. पेनसिल्व्हेनियात २०१२ साली न्यायालयाने एका मुलाला आईच्या शुश्रूषागृहाचं सुमारे ९३,००० डॉलरचं बिल भरायला लावलं, कारण आई-बापांच्या निर्वाहाचा जुना कायदा तिथेही आहे. लातूरची बातमी ऐकून "हे फक्त आपल्याकडे होऊ शकतं" म्हणणाऱ्या इथल्या मराठी मित्रांना मी हे सांगत असते.

शिक्षणातही सगळं सुरळीत नाही. विद्यावेतन मिळतं, शुल्क माफ होतं, त्या बदल्यात आठवड्याला वीस तास काम, आणि परदेशी विद्यार्थ्याला त्यापलीकडे कमावायची जवळजवळ मुभा नाही. माझी पदवी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीत बसत नाही, म्हणून शिक्षणानंतर कामाचं एकच वर्ष मिळालं. त्या यादीतल्या पदवीधरांना तीन मिळतात. २०२५ मध्ये संघराज्य सरकारने अनेक संशोधन अनुदानं अर्धवट थांबवली, त्यात माझ्या ओळखीच्यांची कामंही गेली. आणि सर्वांत खोल अडचण विषयाच्या आतच आहे. जेफ्री आर्नेट यांनी २००८ साली अमेरिकन मानसशास्त्राची प्रमुख नियतकालिकं तपासली तेव्हा ६८ टक्के अभ्यासांतली माणसं अमेरिकेतली निघाली. म्हणजे 'मूल' म्हणून जे शिकवलं जातं ते बहुतांश अमेरिकन मूल असतं. आपल्याकडे तेच पाठ्यपुस्तक येतं, तीच प्रश्नावली येते, आणि मग बायका शून्य गुण देतात.

त्यामुळे मी घरच्या वादात एकच गोष्ट मागते. हा अभ्यास आपल्या विद्यापीठांत, आपल्या भाषेत, पदव्युत्तर पातळीवर खरोखर व्हावा. आत्ता काय होतं ते सांगते. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत मानव विकास हा स्वतंत्र विषय नाही, तो गृहविज्ञानात येतो. मुलांच्या भाषाविकासावर काम करणाऱ्या मुलीला त्याच प्रश्नपत्रिकेत वस्त्रांचे धागे आणि अन्नप्रक्रिया यांचीही उत्तरं द्यावी लागतात. पास झाली की जागा नसतात. असल्याच तर तासिका तत्त्वावर. मग तिच्या घरचे म्हणतात, गृहविज्ञान म्हणजे मुलीने लग्न होईपर्यंत करायचं शिक्षण, आणि व्यवस्थेने त्यांचं म्हणणं खरं करून ठेवलेलं असतं. नाव बदलून सामुदायिक विज्ञान केलं त्याला माझा विरोध नाही, 'गृह' या शब्दामुळे मुलगे फिरकत नव्हते हे खरं आहे. पण पाटीच्या आत तीच तीन माणसं आठ जणांचं काम करत असतील तर विद्यार्थ्याला काय मिळणार?

दुसरं, वर्षानुवर्षं तीच माणसं पाहत राहण्याची सोय हवी. मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावात १९६२ साली १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांपासून एक बालवाडीचा प्रयोग सुरू झाला आणि ती मुलं चाळिशीच्या पुढे जाईपर्यंत संशोधक त्यांच्या दारात जात राहिले. बालवाडीवर खर्च करावा की नाही या वादात जगभर आजही ती १२३ मुलं साक्षीला येतात. हे आपल्याला जमणार नाही असं म्हणू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ साली आसपासच्या सहा खेड्यांतल्या बायकांना गरोदरपणाच्या आधीपासून पाहायला सुरुवात केली आणि त्यांची मुलं मोठी होईपर्यंत वजन, उंची, रक्त तपासत राहिले. देवनारच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेने वृद्धत्वाच्या राष्ट्रीय पाहणीत २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून जास्त लोकांना प्रश्न विचारले. चिकाटी आहे, माणसं आहेत. शरीराची वाढ आपण इतक्या मायेने मोजली, तर त्याच घरातलं बोलणं, भांडण, रुसवा, शुश्रूषा मोजायला कोणती अडचण आहे? मराठवाड्यातली शंभर घरं घ्या, ऊसतोडीला जाणारी काही, न जाणारी काही, आणि वीस वर्षं त्यांच्याकडे जात राहा. हे परभणीतून होऊ शकतं, मध्यपश्चिम अमेरिकेतून होऊ शकत नाही. व्हिडिओवर जिना दिसतो, घर दिसत नाही.

आणि अंगणवाडी. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये सेविका मानधनासाठी संपावर होत्या तेव्हा बातम्यांत चर्चा होती ती पोषण आहार बंद पडल्याची. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिकणं थांबलं याची फारशी नव्हती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. मग त्या वर्षांत मुलासोबत असणाऱ्या बाईला मानधन आणि दहावीच्या वर्गावरच्या शिक्षकाला पगार, हे कसं पटवून घ्यायचं? तिला शिकवायला, तिच्याकडून शिकायला, तिच्या नोंदवहीतून संशोधन उभं करायला या विभागांतली मुलं लागतील. मी पर्यवेक्षिका झालेल्या दोन वर्गमैत्रिणींशी बोलते. दोघींचंही म्हणणं एकच आहे की वरून मागवलेले तक्ते भरण्यातच दिवस जातो, मुलाकडे पाहायला उरत नाही.

इथे कुणी विचारेल की मग तू परत का येत नाहीस. हा प्रश्न रास्त आहे. मी दोनदा अर्ज केले आहेत, तिसऱ्यांदा करणार आहे. तोपर्यंत माझे आई-वडील तिथे आहेत आणि मी इथे, आणि या अवस्थेलाही माझ्याच विषयात एक नाव आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या पॉलिन बॉस यांनी बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांवर काम करताना 'धूसर वियोग' ही कल्पना मांडली. माणूस आहे पण जवळ नाही, किंवा जवळ आहे पण ओळखत नाही, अशा वियोगाला तेरावा नसतो, म्हणून तो संपत नाही. त्यांचे वडील स्वित्झर्लंडहून विस्कॉन्सिनला आलेले, आणि घराच्या आठवणीने त्यांचं मन कायम तिकडे असायचं. हे वाचलं त्या रात्री मी घरी फोन केला आणि काही विशेष न बोलता बराच वेळ फोन चालू ठेवला.

प्रबंध झाल्यावर मी मावशीला प्रश्नावलीची नवी मराठी आवृत्ती वाचून दाखवली. लातूरच्या फोननंतर चार वर्षांनी. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, मध्ये एकदाही बोलली नाही. मग म्हणाली, "यात एक राहिलंय. त्या गेल्यावर काय करायचं ते कळत नाही. पहाटे पाचला जाग येतेच, आणि उठून बसायचं कुणासाठी, असं होतं. माझं सहा महिने झालं होतं. ते विचारत नाही तुम्ही."

झॅरिटच्या बावीस प्रश्नांत ते नाही. शुश्रूषा संपल्यावरची पहाट माझ्याही प्रश्नांत नव्हती. मी तिला ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं आणि जसंच्या तसं तेविसाव्या क्रमांकावर लिहून घेतलं.